एका तासाचा हिशेब

आमच्या खडेबाजारात ‘सवलत’ हा शब्द दुकानाच्या पाटीवर असतो. दिवाळीच्या आगेमागे लाल अक्षरात लिहून दारातच टांगलेला. कुणी दहा टक्के देतो, कुणी वीस. शहापूरच्या खडेबाजारात साडी घ्यायला गेलं आणि मालक ओळखीचा निघाला, तर पाटीवर नसलेली सवलतही मिळते. सवलतीचा स्वभावच तो. देणाऱ्याच्या मनावर सगळं. आज दिली, उद्या नाही दिली, तर गिऱ्हाईक फार तर दुसऱ्या दुकानात जाईल. भांडायला कुणी बसत नाही.

हाच शब्द आपण अपंग मुलांना परीक्षेत मिळणाऱ्या जादा वेळेसाठी आणि लेखनिकासाठी वापरतो. वर्तमानपत्राचा मथळा बघा, शाळेच्या फळ्यावरची सूचना बघा, ‘सवलती’ असंच लिहिलेलं असतं. आणि एकदा सवलत म्हटलं की पुढचं सगळं ओघानं येतं. मागणारी आई दबून बोलते, देणारा उपकार केल्यासारखं बघतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांना वाटतं की आपल्या पोराचं काहीतरी काढून हिला दिलं.

कायद्यानं हा शब्द वापरलेला नाही. २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ असा शब्द आहे. मराठीत त्याला मी ‘रास्त सोय’ म्हणेन. अपंग माणसाला इतरांच्या बरोबरीनं आपला हक्क वापरता यावा म्हणून केलेला आवश्यक तो बदल, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता केलेला, अशी साधारण त्याची व्याख्या. आणि कलम ३ सांगतं की अशी सोय होईल हे बघणं सरकारचं काम आहे. उपकाराचा त्यात वासही नाही. (‘दिव्यांग’ या शब्दाबद्दलही मला बोलायचं आहे, पण ते पुन्हा केव्हातरी. तो शब्द ऐकायला गोड आहे एवढंच आता म्हणते.)

हे सगळं मी ज्या निकालामुळं वाचायला घेतलं तो मुंबईहून निघालेल्या एका खटल्याचा आहे. अवनी प्रकाश विरुद्ध नॅशनल टेस्टिंग एजन्सी. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, २३ नोव्हेंबर २०२१ चा. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बोपण्णा यांनी दिलेला.

मुलीला डिसग्राफिया. म्हणजे डोक्यात उत्तर तयार असतं पण ते हातातून कागदावर उतरायला वेळ लागतो, अक्षरं अडतात, ओळ सुटते. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. अपंगत्व ४० टक्के असं वैद्यकीय मंडळानं ठरवलेलं. १२ सप्टेंबर २०२१ ला ती नीटला बसली. वैद्यकीय प्रवेशाची ही परीक्षा त्या वर्षी तीन तासांची होती. तासाला किमान २० मिनिटं या हिशेबानं तिला एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावरच्या लोकांना हे ठाऊकच नव्हतं. तीन तास झाले आणि इतर मुलांबरोबर तिचाही पेपर काढून घेतला.

ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथं हवं ते हाती लागलं नाही, म्हणून दिल्लीला.

निकाल मी इंग्रजीत सबंध वाचला, दोनदा वाचला. त्याची भाषा चांगली आहे. न्यायालय सांगतं की परीक्षा घेणाऱ्या संस्थेला एवढी मोठी सत्ता दिली आहे, तर तिच्याबरोबर जबाबदारीही येते. लाखो मुलांच्या परीक्षेत एखाद्या मुलीवर अन्याय झाला तर ‘एवढ्या मोठ्या कामात असं व्हायचंच’ म्हणून तो बाजूला सारता येत नाही. पुढच्या वर्षापासून माहितीपत्रकात कुणाला काय मिळणार ते स्पष्ट लिहा, केंद्रावर काम करणाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्या, असंही बजावलं आहे. हे वाचताना कुणाही आईच्या डोळ्यात पाणी येईल.

आणि मग शेवटाकडं आलं की आपण थबकतो. त्या मुलीला काय मिळालं? फेरपरीक्षा नाही. पंधरा लाखांवर मुलं परीक्षेला बसलेली, निकाल लागलेला, आता एकीसाठी परीक्षा घेतली तर सगळंच अनिश्चित होईल, असं न्यायालयानं म्हटलं. झालेला अन्याय दूर करायला काय करता येईल ते संस्थेनंच एका आठवड्यात ठरवावं असा आदेश दिला.

माझा आक्षेप इथं आहे. फेरपरीक्षा का नको हे मला समजतं. व्यवहार बघावा लागतो. पण ज्यानं मापात मारलं त्याच्याच हातात पुन्हा तराजू द्यायचा आणि म्हणायचं, बघा बुवा, काही करता येतं का? व्यापारी घरात वाढलेल्या बाईला हा हिशेब पटणं अवघड आहे. मापात मारलेलं धान्य परत भरून देता येतं. परीक्षेतला तास भरून कसा देणार? न सोडवलेल्या प्रश्नांना गुण देणार, की चुकलेल्यांचे वजा केलेले परत करणार? काहीही केलं तरी तो अंदाजच. तिनं त्या साठ मिनिटांत काय लिहिलं असतं हे जगात कुणालाच कळणार नाही, तिला स्वतःलाही नाही.

म्हणून हा निकाल मला एकाच वेळी मोठा आणि तोकडा वाटतो. तत्त्व म्हणून मोठा. पण एका गोष्टीचा विचार त्यात पुरेसा झालेला नाही. हा हक्क ज्या क्षणी हवा असतो त्या क्षणी तो देणारा माणूस न्यायाधीश नसतो, सचिव नसतो. तो एक पर्यवेक्षक असतो. बहुधा कुठल्याशा कॉलेजातला तरुण शिक्षक, आदल्या दिवशी अर्धा तास सूचना ऐकून आलेला, आपल्या हातून काही गैर झालं तर नोकरीवर येईल या भीतीत असलेला. अशा माणसाला संशय आला की तो ‘नाही’ म्हणतो. ‘नाही’ म्हटल्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही, ‘हो’ म्हटल्याबद्दल विचारतील. जोवर हे उलटं होत नाही, म्हणजे जादा वेळ नाकारणाऱ्याला त्याच दिवशी लेखी कारण द्यावं लागत नाही, तोवर केवळ प्रशिक्षणानं काय होणार?

माझ्या नणंदेच्या मुलीचं उदाहरण मला जवळून माहीत आहे. निपाणीकडचं घर, तंबाखूचा व्यापार, माणसं प्रेमळ. मुलीला लहानपणापासून वाचायला-लिहायला त्रास. तोंडी विचारा, सगळं येतं. वहीत बघा, निम्मं कोरं. आमच्या वन्संनी दाखला काढला, त्यासाठी किती खेपा घातल्या ते त्यांचं त्यांना माहीत. एका प्रवेश परीक्षेला ती दाखल्याची फाईल घेऊन बसली. पर्यवेक्षक म्हणाले, “वेळ सगळ्यांना सारखाच.” तिनं फाईल उघडून दाखवली. ते म्हणाले, “हे ऑफिसमध्ये द्यायचं होतं.” ऑफिसमध्ये आधी दिलेलंच होतं. वन्सं फाटकाबाहेर उन्हात उभ्या, फोन आत नेता येत नाही, सांगणार कुणाला? बाहेर आल्यावर मुलगी मला फोनवर म्हणाली, “मामी, मी भांडले असते, पण भांडण्यात दहा मिनिटं गेली असती.”

हे वाक्य मी त्या निकालाच्या शेजारी ठेवून वाचते. जिला वेळच कमी पडतो तिनं वेळ मागण्यासाठी वेळ खर्च करायचा, असं हे.

“वेळ सगळ्यांना सारखाच” हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं, नाही का? आपल्या घरात मात्र आपण असं वागत नाही. म्हाताऱ्या सासूबाईंना बस्तीच्या पायऱ्या चढायला वेळ लागतो म्हणून सगळं घर खाली थांबतं. पंगतीत दात नसलेल्या काकींचं जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही. उशीर झाला म्हणून त्यांचं ताट कुणी ओढून घेत नाही.

आता टक्क्यांचं बघू. अपंगत्व टक्क्यांत मोजायचं आणि ४० टक्क्यांवर रेघ मारायची, ही आपल्याकडची पद्धत. कायद्यात ती रेघ आरक्षणासाठी आहे. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के, त्या ४० टक्क्यांच्या वरच्यांना. पण परीक्षेतल्या सोयीलाही तीच रेघ लावली गेली. २९ ऑगस्ट २०१८ ला केंद्र सरकारनं ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्या ४० टक्के आणि वरच्यांसाठीच. मग ३९ टक्केवाल्यानं काय करायचं?

याचं उत्तर ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात आहे. या उमेदवाराला ‘रायटर्स क्रॅम्प’. लिहायला लागलं की हात आखडतो. दिल्लीच्या एम्सनं त्याचं अपंगत्व मोजलं, भरलं सहा टक्के. आयोग म्हणाला, लेखनिक मिळणार नाही. या सहा टक्क्यांवर मी बराच विचार केला. तो हात चहाचा कप उचलतो, दार उघडतो, कुणालाही नमस्कार करतो. म्हणून टक्के सहा. पण लेखी परीक्षेच्या खोलीत हाताला एकच काम असतं आणि नेमकं तेच त्याला येत नाही. तिथं तो सहा टक्के अपंग आहे, की शंभर? न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. रास्त सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या रेघेला बांधलेला नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि नव्या सूचना करायला लावल्या. त्या १० ऑगस्ट २०२२ ला निघाल्या. त्यातही त्रुटी राहिल्या, आणि गुलशन कुमार नावाच्या उमेदवाराच्या खटल्यात ३ फेब्रुवारी २०२५ ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की रेघेच्या खालच्यांना आणि वरच्यांना सोयीत फरक करू नका, तक्रारीसाठी एक पोर्टल काढा, लेखनिकाच्या दाखल्याची सहा महिन्यांची मुदत वाढवा. चार वर्षांत तेच तेच. दर वेळी एक तरुण मुलगा किंवा मुलगी, दर वेळी दिल्लीचा वकील. किती घरांना परवडतं हे?

टक्क्यांच्या पद्धतीचा कळस बघायचा तर ओंकार गोंडचा खटला वाचावा. महाराष्ट्रातलाच विद्यार्थी, बोलण्याचं अपंगत्व, टक्के चव्वेचाळीस-पंचेचाळीस. वैद्यकीय प्रवेशाचा नियम असा होता की अशा अपंगत्वात ४० टक्क्यांच्या आत असाल तर शिकायला पात्र, पण राखीव जागा नाही. ४० च्या वर गेलात की शिकायलाच अपात्र. म्हणजे राखीव जागा कागदावर आहे आणि तिच्यावर बसू शकेल असा माणूस नियमानुसार जन्मालाच येऊ शकत नाही! हे लिहिणाऱ्यानं वाचून तरी बघितलं होतं की नाही, देव जाणे. न्यायमूर्ती गवई यांच्या खंडपीठानं १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सांगितलं की नुसता आकडा बघून कुणाला अपात्र ठरवू नका, हा मुलगा हा अभ्यासक्रम करू शकतो का ते तपासा. त्याला तपासणाऱ्या नव्या मंडळानं, करू शकतो, असा अभिप्राय दिला होता.

“पण खोटे दाखले काढणारे असतात ना?” हा प्रश्न आमच्या मंडळात लगेच येतो. २०२४ साली पुण्याच्या एका प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंच्या दाखल्यांवरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक दाखल्याकडं वाकड्या नजरेनं बघायची सोयच झाली. विकास कुमारच्या खटल्यातही आयोगानं गैरवापराची भीती सांगितली होती आणि न्यायालयानं ती मानली नाही. ज्यांना गरज आहे त्यांचा हक्क, दुसरा कुणी लबाडी करेल या भीतीनं कसा काढून घेणार? बाजारात खोट्या नोटा फिरतात म्हणून आपण गल्ला बंद करून बसत नाही. नोट उजेडात धरून बघतो, आणि खरी असेल तर घेतो.

इथपर्यंत सरकार, न्यायालयं, आयोग. आता आपल्याकडं वळते, कारण हे पुस्तक वाचणाऱ्या बहुतेक जणी आपल्याच आहेत.

दाखला काढणं हीच पहिली पायरी आणि तीच आपल्याकडं चढली जात नाही. मुलाचा दाखला एक वेळ काढतील. मुलीचा नाही. कारण काय, तर उद्या स्थळं येतील. ‘मुलीत काहीतरी आहे’ हे चार घरांत कळलं की संपलं. डिसग्राफिया, डिसलेक्सिया असलं तर प्रश्नच नाही, ते दिसत नाही ना, मग कशाला सांगा? आळशी आहे, लक्ष नाही, एवढं म्हणून भागवायचं. ऐकू कमी येणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर बसवायचं आणि यंत्र केसांखाली झाकायचं. मी अशा आया ओळखते ज्यांनी बारा वर्षं मुलीचा गृहपाठ स्वतः लिहून दिला, पण डॉक्टरांकडं नेलं नाही. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्या मुलीला ‘मी ढ आहे’ असं बारा वर्षं वाटत राहिलं, त्याची भरपाई कोण करणार?

वर एखाद्या आत्याबाई म्हणतात, “पूर्वकर्म एकेकाचं.” कर्माचा हिशेब आपण स्वतःचा ठेवायचा असतो, दुसऱ्याच्या लेकीचा नव्हे, असं मला लहानपणी पाठशाळेत शिकवलं. आणि तिथंच हेही शिकवलं की केलेलं, करवलेलं आणि अनुमोदलेलं, तिन्हींचा दोष लागतो. पेपर ओढून घेणारा पर्यवेक्षक पहिल्यात, त्याला काही न सांगता पाठवणारी संस्था दुसऱ्यात. ‘आपल्यात असलं बोलत नाहीत’ म्हणणाऱ्या आपण तिसऱ्यात.

आपला समाज दान करण्यात मागं नाही. वह्या वाटतो, शिष्यवृत्त्या देतो, बोर्डिंगला धान्य पाठवतो, चाकाच्या खुर्च्या वाटून फोटो काढतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलसारखी एखादी डोळ्यांनी अजिबात न दिसणारी मुलगी आयएएस झाली की तिच्यावर भाषणं करतो. पण त्याच प्रांजलला आधीच्या वर्षी परीक्षा पास होऊनही रेल्वेच्या लेखासेवेत अंधत्वाचं कारण सांगून घेतलं नव्हतं, आणि तिला परत परीक्षा देऊन १२४ वा क्रमांक आणावा लागला, हे भाषणात येत नाही. सत्कार करणं सोपं. कुणाच्या तरी ऑफिसात जाऊन ‘कलम १७ वाचा’ असं म्हणणं जड जातं, कारण तिथं आपण दाते नसतो.

कलम १७ चं नाव घेतलंच आहे तर ते जरा नीट सांगते, कारण आपल्या सीमाभागासाठी ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. त्याच्या पोटकलमात शिक्षणखात्यांवर असं बंधन आहे की अपंग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करावेत. उदाहरणं कायद्यानंच दिली आहेत. जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट.

आता आमच्याकडचं मराठी शाळेतलं मूल डोळ्यासमोर आणा. घरी मराठी, शाळेत मराठी, कन्नड, इंग्रजी, कुठं हिंदीही. देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या. धडधाकट मुलांचीही तारांबळ उडते. ज्या मुलीला एका लिपीतली अक्षरं जागेवर राहत नाहीत, तिला तीन लिप्या म्हणजे काय होत असेल? कायदा म्हणतो, तिला एखाद्या भाषेतून सूट मिळू शकते. पण बेळगावात भाषेतून सूट मागायची म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कन्नडमधून सूट मागितली की ‘समितीवाले’ ठरणार. मराठीतून मागितली तर आपलीच माणसं विचारणार, मराठी नको झाली का? एका बाईनं मला सांगितलं की अर्ज हातात घेऊन ती दोनदा कचेरीच्या दारातून परत आली. डिसलेक्सियाला राज्याची सीमा कळत नाही हो. कलम केंद्राच्या कायद्यातलं आहे, कर्नाटकात चालतं, महाराष्ट्रात चालतं. अर्जात मुलीची अडचण आणि कलमाचा आकडा लिहावा. भाषेच्या वादाबद्दल एक शब्द लिहू नये, कुणी विषय काढला तरी बोलू नये.

सीमेची दुसरी गंमत नीटमध्ये. परीक्षा मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रावरच मिळते. कर्नाटकातल्या केंद्रावर कन्नड. म्हणजे आमच्या मराठी मुलीनं कोल्हापूर किंवा सांगली गाठायचं, आदल्या दिवशी मुक्कामाला जायचं, अनोळखी केंद्रावर आपला दाखला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचा. बहुतेक जणी इंग्रजीच घेतात. मराठीतून शिकलेल्या मुलीला लेखनिक इंग्रजीचा मिळाला, की ती एकीकडं भाषांतर करते आणि एकीकडं सांगते, त्यात जादा वेळेतला निम्मा जातो. दाखल्याचा मात्र घोर करू नका. कलम ५८ प्रमाणं अपंगत्वाचा दाखला सगळ्या देशात चालतो. कर्नाटकातला दाखला कोल्हापूरच्या केंद्रावर ‘हा परराज्याचा’ म्हणून कुणी नाकारला तर ते बेकायदा आहे. अपवाद एवढाच की वैद्यकीय प्रवेशाच्या राखीव जागेसाठी ठरवून दिलेल्या केंद्राचाच दाखला लागतो, आणि आमच्या भागातून त्यासाठी बहुधा गोवा किंवा मुंबई गाठावी लागते. त्याची तयारी बारावीच्या निकालाची वाट न बघता आधीच्या वर्षी करावी.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी अशा. फॉर्म भरतानाच अपंगत्वाचा आणि लेखनिकाचा रकाना भरायचा. लाज वाटून तो कोरा ठेवला तर नंतर कुणी काही करू शकत नाही. पूर्ण अंध, दोन्ही हातांनी अधू आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना २०१८ च्या सूचनांप्रमाणं मागितला की लेखनिक मिळत असे. इतरांना लिहिण्यात अडचण असल्याचा जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचा वेगळा दाखला लागत असे, ठरलेल्या नमुन्यात. लेखनिक नको असेल तरी जादा वेळ मिळतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. परीक्षेच्या आठवडाभर आधी केंद्रप्रमुखांना पत्र द्यावं आणि पोच घ्यावी, शिक्क्यासकट. ती पोच प्रवेशपत्राच्या पाठीला टाचून ठेवावी. नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचावं. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजातल्या कुठल्याही मुलीला बसवून वाचून घ्यावं.

आणि लेखनिक. सगळं अडतं ते इथं. त्याच सूचनांप्रमाणं लेखनिक आपला आणता येत असे, फक्त तो उमेदवारापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागे, आणि संस्थेनं दिलेला असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटता येत असे. पण परीक्षेच्या मोसमात मिळतो कोण? ज्याची परीक्षा नाही, ज्याचं अक्षर बरं आहे, जो वेळेवर येतो, आणि जो स्वतःचं डोकं न चालवता सांगितलं तेवढंच लिहितो. हा शेवटचा गुण फार दुर्मिळ. बेळगावात माहेश्वरी अंधशाळेची मुलं वर्षानुवर्षं लेखनिकांच्या भरवशावर परीक्षा देत आली आहेत, तेव्हा हे काम करणारी माणसं गावात मुळीच नाहीत असं नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येणाऱ्या मुली तर आपल्याच घराघरांत आहेत. अशी सरमिसळ दुसरीकडं शोधून सापडणार नाही.

गेल्या पर्युषणानंतर मी आमच्या महिला मंडळात एक वही ठेवली. मुलीचं नाव, शिक्षण कितवं, कुठल्या भाषा लिहिता येतात, फोन कुणाच्या नावावर. सात नावं आली. दोन मुलींच्या घरच्यांनी नंतर फोन करून नाव काढायला सांगितलं, ‘परीक्षेच्या भानगडीत कशाला’ म्हणून. पाच राहिल्या. त्यातल्या एकीनं मार्चमध्ये हिंडलग्याकडच्या एका मुलीचा अर्थशास्त्राचा पेपर लिहिला. केंद्रावर जादा वेळ विनातक्रार मिळाला. आमच्या मुलीला मी विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, “मला दोन उत्तरं जास्त चांगली येत होती, पण मी तिचीच लिहिली.”